समुद्रातील डंख मारणारी पिसे

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी सुट्टीत मालवणला किंवा अंदमानला जाऊन पाण्याखाली उतरणारे नागपूरकर आता कमी नाहीत. तेथे खडकावर गडद देठाचे, पांढुरक्या फांद्यांचे पिसासारखे झुडूप दिसले, तर वनस्पती समजून त्याला हात लावू नये, कारण तो हायड्रॉइड नावाचा प्राणी आहे आणि तो डंख मारतो.

नेमके सांगायचे, तर ती प्राण्यांची वसाहत असते. देठाच्या दोन्ही बाजूंना बारीक फांद्या असतात, त्यांवर ओळीने सूक्ष्म पेले बसलेले असतात, आणि प्रत्येक पेल्यात तोंड व शुंडके, म्हणजे अन्न पकडणारे बारीक धागे, असलेला एकेक जीव राहतो; एकाने पकडलेले अन्न आतल्या सामाईक नलिकेतून सर्वांना मिळते. दंशपेशीतील कुपीत गुंडाळलेली पोकळ नळी स्पर्श होताच बाहेर उसळून विष टोचते. मग त्वचेची आग होते, पुरळ उठते आणि खाज काही दिवसही टिकू शकते. अशा वेळी ती जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी.

यांतील एका परिचित जातीचे नाव मॅक्रोऱ्हिंकिया फिलिपिना असे असून, किर्चेनपाउअर यांनी 1872 मध्ये तिचे वर्णन केले. संघ निडारिया, वर्ग हायड्रोझोआ, गण लेप्टोथेकाटा आणि कुल अ‍ॅग्लाओफेनिइडी, असे तिचे स्थान आहे. महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला गोड्या पाण्यातील हायड्रा याच वर्गातला, आणि पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर येणारी, जेलीफिश म्हणून ओळखली जाणारी निळी ब्लूबॉटलही याच वर्गातली! सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये अशा झुडपी हायड्रॉइडांना वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमेवरचे जीव मानले होते. त्यांचे रूप पाहता त्याला दोष देणे कठीण आहे.

पिसाच्या आकारावरून मात्र नाते ठरत नाही. सी-पेन हा जीवही पिसासारखाच दिसतो, परंतु त्याच्या वसाहतीतील प्रत्येक जीवाला आठ शुंडके असतात आणि तो प्रवाळांच्या वर्गात मोडतो. फेदर स्टार तर थेट तारामाशाच्या संघातला. अ‍ॅग्लाओफेनिइडी कुलाची खूण याहून बारीक आहे: जीवाच्या पेल्याला दंशपेशी ठेवणाऱ्या चिमुकल्या डब्या पक्क्या जोडलेल्या असतात, तर जवळच्या प्लुम्युलॅरिइडी कुलात त्या सहसा हलू शकतात. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पाण्याखालच्या छायाचित्रावरून जात ठरवणे तज्ज्ञांनाही अनेकदा शक्य होत नाही आणि नमुना सूक्ष्मदर्शकाखाली न्यावाच लागतो.