घर महाग झालं, सही कोणाची?

नमस्कार मंडळी. माझी मावसबहीण गोव्यात, म्हापशात एका दुकानात हिशेब लिहिते. गेल्या वर्षी ती भाड्याची खोली शोधत होती. एक घरमालक म्हणाला, "जून ते सप्टेंबर रहा. ऑक्टोबरात सीझन लागतो, तेव्हा खाली करा." चार महिन्यांचं घर! पाऊस आमचा, ऊन पर्यटकांचं.

आता एक आकडा. २०११ च्या जनगणनेत गोव्यातली सुमारे सव्वा लाख घरं रिकामी होती. पाचातलं एक घर कुलूपबंद. म्हणजे 'घरं कमी म्हणून महाग' हे गणित इथे बसत नाही.

मग दोष कोणाचा? चहाच्या टेबलावर दोन उत्तरं ठरलेली: इथे घरं घेणारे दिल्लीवाले, नाहीतर जमीन विकणारे भाटकार, म्हणजे जमीनदार. मला तिसऱ्या माणसात जास्त रस आहे, ज्याच्या हातात हे थांबवायचा अधिकार होता त्याच्यात. त्यासाठी आधी अमेरिकेला एक फेरी मारून येऊ, कारण २००८ नंतर तिथे हाच वाद कागदोपत्री झाला.

झालं काय होतं? पगार नाही, नोकरी नाही, अशांनाही घरकर्ज मिळत होतं. देणारा ते कर्ज स्वतःकडे ठेवतच नव्हता. हजारो कर्जांचं गाठोडं बांधायचं आणि पुढे विकायचं. मग हप्ता फिटो न फिटो, त्याला काय? घरांचे भाव चढत होते तोवर सगळे खूश. भाव उतरले, १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली आणि पुढच्याच महिन्यात ७०० अब्ज डॉलरची मदत सरकारी तिजोरीतून मंजूर करावी लागली.

मग बोटं दाखवणं सुरू. रिपब्लिकन म्हणाले, गरिबांना घरं मिळावीत म्हणून सरकारनेच फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या घरकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांना रेटलं. डेमोक्रॅट म्हणाले, तुम्ही बँकांचा लगाम सोडलात. आता तो लगाम सैल करणारा १९९९ चा कायदा बघा. आणला रिपब्लिकनांनी, सही केली डेमोक्रॅट क्लिंटन यांनी. पंगतीला दोघेही होते! पुढे चौकशी आयोग बसला. दहा सदस्य. जानेवारी २०११ मध्ये अहवाल आला तेव्हा डेमोक्रॅटांनी नेमलेले सहा एका बाजूला, रिपब्लिकनांनी नेमलेले चार दुसऱ्या. आमच्या पंचायतीतला ठराव आठवतो की नाही?

पण या सगळ्या भांडणात एक बारीक गोष्ट मागे पडते. अमेरिकेच्या संसदेने १९९४ मध्येच फेडरल रिझर्व्हला, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेला, फसवी घरकर्जं रोखायचा अधिकार देऊन ठेवला होता. फेडच्या मंडळावरचे एडवर्ड ग्रॅमलिक या सावकारीकडे लक्ष द्या म्हणून सांगत होते. प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांचा भरवसा बाजारावर. व्यापक नियम आले कधी? जुलै २००८ मध्ये. चौदा वर्षं कोयता खुंटीला! त्या ऑक्टोबरात ग्रीनस्पॅन यांनी संसदीय समितीपुढे कबूल केलं, की माझ्या विचारसरणीत दोष निघाला.

आता परत घरी. आमच्याकडे अधिकार पडून राहिला असं कोणी म्हणणार नाही. आमच्याकडे नवा घडवला.

प्रादेशिक आराखडा २०११ आठवतो? कुठल्या जमिनीवर घरं, कुठे शेत, म्हणजे कुठला झोन, हे ठरवणारा नकाशा. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये प्रतापसिंह राणे यांच्या काँग्रेस सरकारला तो मागे घ्यावा लागला. अख्खा आराखडा हलवला की अख्खा गोवा हलतो, हे तेव्हा सगळ्याच पक्षांना कळलं. मग तुकड्या-तुकड्यांनी हलवायचा. २०२३ मध्ये, भाजपच्या काळात, नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. खात्याचे मंत्री विश्वजीत राणे, म्हणजे प्रतापसिंहांचे चिरंजीव.

(स्क्रीनवर शब्द: 'चूक दुरुस्ती')

कलमाचा गाभा हा. आराखड्यात नजरचुकीने काही चुकलं असेल, झोन विसंगत असेल, तर सरकारने तो दुरुस्त करावा. खरं सांगायचं तर अशा चुका होत्याच. मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाचं, तीन पिढ्यांचं घर नकाशात ऑर्चर्डमध्ये, म्हणजे बागायतीच्या झोनमध्ये पडलेलं मी स्वतः पाहिलंय. पण चूक कोणी शोधायची? ज्याचा प्लॉट, त्यानेच अर्ज करायचा. सर्वे नंबरागणिक एक फाईल. आज हा तुकडा सेटलमेंट, म्हणजे घरं बांधायला मोकळा, शेजारचा अजून शेत. ग्रामसभेला कळतं तेव्हा जेसीबी डोंगरावर चढलेला असतो.

१३ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियमच रद्द केले. पण २०२४ मध्ये त्याच कायद्यात कलम ३९-अ आलेलं होतंच. तिथेही झोन बदलता येतो, फक्त हरकती घ्यायला तीस दिवस मिळतात. सरकारी राजपत्र रोज उघडून बघणारा तुमच्या वाड्यावर कोणी आहे? माझ्या वाड्यावर नाही.

म्हणून जबाबदारी म्हटलं की मी बिल्डरचं नाव विचारत नाही. विधानसभेत हे कलम आलं तेव्हा माझा आमदार काय बोलला, हे विचारतो. विचारून बघा, मजा येते.

आणि शिक्षा? २००८ च्या पडझडीसाठी खटल्याला उभे राहिलेले पंतप्रधान एकच, आइसलंडचे गेइर हार्दे. देश केवढा? तेव्हा सव्वातीन लाखांच्या आतबाहेर माणसं, म्हणजे आपलं बार्देश आणि पेडणे मिळून. तीन मोठ्या बँका ऑक्टोबर २००८ मध्ये कोसळल्या. मंत्र्यांवरच्या खटल्यांसाठीचं खास न्यायालय त्या देशात पहिल्यांदाच बसलं. एप्रिल २०१२ मध्ये निकाल आला आणि एकाच आरोपात ते दोषी ठरले: एवढं मोठं संकट समोर असताना त्यावर मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या नाहीत. शिक्षा शून्य. वकिलाचा खर्चही सरकारनेच दिला.

मावसबहीण सध्या डिचोलीला राहते. सकाळची कदंबा बस पकडून म्हापशाला येते. येताना खिडकीतून दिसणारे नव्या बांधकामांचे फलक मोजते आणि संध्याकाळी मला आकडा सांगते.