कॅलेला पोहोचलेली भेट

श्रोतेहो, नमस्कार. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर ‘सप्रेम भेट’ असे लिहून खाली नाव आणि तारीख घालण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे. आज मी ज्या भेटीविषयी बोलणार आहे ती १५१७ सालची. त्या वर्षी अँटवर्पहून (आजच्या बेल्जियममधले शहर) दोन मित्रांनी इंग्लंडमधल्या तिसऱ्या मित्राला स्वतःचे चेहरेच पाठवले, आणि तेही पुस्तकांसकट.

पाठवणारे होते डच पंडित इरॅस्मस आणि अँटवर्प नगराचा चिटणीस पीटर गिलिस. घेणारा होता इंग्रज कायदेपंडित थॉमस मोर. तिघांची मैत्री ग्रंथांतूनच वाढली होती. इरॅस्मसने मूर्खपणाच्या स्तुतीचा आपला ग्रंथ १५०९ मध्ये मोरच्या घरी राहून लिहिला आणि मोरलाच अर्पण केला. एका कल्पित आदर्श बेटाविषयीच्या मोरच्या ‘युटोपिया’ या ग्रंथाच्या आरंभी गिलिसला लिहिलेले पत्र आहे, आणि १५१६ मध्ये लूव्हेनला तो ग्रंथ छापला जात असताना गिलिसने त्याची काळजी वाहिली.

आता त्या चित्रांची गोष्ट. चित्रकार होता क्वेंटिन मासाइस. काम सुरू झाले आणि गिलिस आजारी पडला. इरॅस्मस धडधाकट होता, पण वैद्याने त्याला पित्त उतरवण्यासाठी गोळ्या दिल्या. पुढे तो चित्रकारासमोर बसायला गेला, तेव्हा मासाइस म्हणाला की हा तो चेहराच नव्हे. म्हणून चेहऱ्यावर पुन्हा तरतरी येईपर्यंत काही दिवस काम थांबवावे लागले. अखेर सप्टेंबरमध्ये दोन्ही चित्रांचे लाकडी फलक रवाना झाले. सोबतच्या पत्रात इरॅस्मसने कळवले की खर्च दोघांनी निम्मा निम्मा केला आहे. दोघांपैकी कोणीही तो आनंदाने एकट्याने सोसला असता, पण ही भेट दोघांची असावी अशी इच्छा होती. काळाने आम्हांला ओढून नेले तरी अशा रीतीने आम्ही तुझ्यापाशी राहू, असेही त्याने लिहिले.

फलक दोन, पण खोली एकच: पाठीमागची पुस्तकांची फळी एका चित्रातून दुसऱ्या चित्रात सरळ जाते. इरॅस्मस लिहितो आहे, आणि त्याच्या मागच्या ग्रंथांत प्राचीन ग्रीक उपहासकार ल्युशियन आहे, ज्याचे लॅटिन भाषांतर त्याने आणि मोरने मिळून केले होते. गिलिसच्या हातात एक पत्र आहे, आणि ते पत्र मोरचे आहे. पुन्हा सांगतो, श्रोतेहो, मोरला भेट आलेल्या चित्रात मोरचेच पत्र आहे.

मोर तेव्हा सरकारी कामासाठी कॅलेला, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पण त्या काळी इंग्लंडच्या ताब्यात असलेल्या बंदरात होता. मासाइसने त्याचे अक्षर इतके हुबेहूब उतरवले होते की मोरने ऑक्टोबरमध्ये गिलिसला मूळ पत्र परत मागितले. चित्राशेजारी ते ठेवले की नवल दुप्पट होईल, असे त्याचे म्हणणे होते. ते पत्र हरवले असेल, तर माझ्या अक्षराची नक्कल करणाऱ्याची नक्कल मला साधते का ते पाहीन, असेही त्याने लिहिले. मोठा कायदेपंडित असलेला हा माणूस त्या भेटीने लहान मुलासारखा हरखला होता, आणि म्हणूनच मला त्याची ही पत्रे फार प्रिय आहेत.

जाता जाता एक सांगतो. आपल्याकडे सत्कारात पुस्तक देतात, पण त्यावर एक अक्षरही लिहीत नाहीत. पुस्तक खराब होईल, असे कारण सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. देणाऱ्याच्या हातचे अक्षर हीच त्या भेटीची खूण असते.

ते दोन फलक आज इंग्लंडमध्येच आहेत, पण एकत्र नाहीत: इरॅस्मस ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे आणि गिलिस लाँगफर्ड कॅसल या वाड्यात.

मोरने या भेटीची परतफेडही केली. हान्स होल्बाइन हा चित्रकार इरॅस्मसच्या शिफारशीने इंग्लंडला गेला होता. १५२८ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला परतला, तेव्हा त्याने काढलेले मोरच्या सबंध कुटुंबाचे रेखाचित्र इरॅस्मससाठी आले. त्यातल्या कितीतरी जणांच्या हातांत पुस्तके आहेत, मुलींच्याही. वृद्ध इरॅस्मसने मोरची थोरली लेक मार्गारेट हिला आभाराचे पत्र लिहिले: मी सर्वांना ओळखले, पण तुझ्याइतके कोणालाच नाही.