धूर गरम ठेवा: चुलीच्या पाइपाची गोष्ट

मंडळी, ठाण्यात बसून चुलीच्या पाइपावर बोलण्याचं कारण आहे. येऊरच्या पाड्यांवर आजही चूल पेटते. इथे बसलेल्या अनेकांचं मुरबाड-शहापूरकडे गावचं घर आहे आणि गॅस आला तरी भाकरीला, आंघोळीच्या पाण्याला तिथे सरपण लागतंच. शेतघरात लोखंडी स्टोव्ह बसवणारेही आता वाढलेत. पण पाइप जोडताना जो-तो ‘धूर बाहेर गेला म्हणजे झालं’ एवढंच बघतो. मी म्हणतो, धूर वरच्या टोकापर्यंत गरम राहतो का, ते बघा. तेवढं साधलं की बाहेर तो आपण होऊन जातो.

हिशोब सोपा आहे. बाहेर 27 अंश तापमान आहे आणि पाइपात धूर 327 अंशांवर आहे, तर आतल्या वायूचं वजन बाहेरच्या हवेच्या साधारण निम्मं होतं. हलका वायू वर चढतो, खालून ताजी हवा ओढली जाते आणि जाळ धरतो. तोच धूर वाटेत 127 अंशांपर्यंत निवला, तर ही ओढ निम्म्यावर येते. मग चुलीच्या तोंडातून धूर उलटतो आणि फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांत जातो. वर्षानुवर्षं हे चालत आलंय आणि ते थांबवता येतं, म्हणूनच मी हा विषय सोडत नाही.

आता जोडणी. स्टोव्हच्या गळ्याचा जेवढा व्यास, तेवढाच पाइप घ्या, कमी नको. सहा इंचांच्या गळ्यावर पाच इंची पाइप चढवला तर वाट तीस टक्क्यांनी आवळते. पाइप होईल तितका सरळ आणि घराच्या आतूनच वर न्या. भिंतीतून लगेच बाहेर काढून उघड्यावर उभा केलेला पाइप पावसाळ्यात सतत गारठलेला राहतो. वळण लागलंच तर काटकोनी बेंडऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड वापरा. मातीची चूल असेल तर पाइप वैलाच्या, म्हणजे चुलीच्या जोडीच्या दुसऱ्या तोंडाच्या, मागे विटेवर टेकवा आणि भोवती माती लिंपा. पाइप आत जास्त घुसला तर धुराची वाटच बुजते.

सांध्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चांगले कारागीरही इथे उलटं करतात. वरच्या पाइपाचं टोक खालच्या पाइपाच्या आत बसलं पाहिजे. फटीतून धूर निसटेल अशी लोकांना भीती वाटते. पण ओढ चालू असताना पाइपातला दाब खोलीपेक्षा कमी असतो. फट राहिली तर खोलीतली हवाच आत शिरते आणि धूर निववते. म्हणून फट फायरक्लेने, म्हणजे आगीत टिकणाऱ्या मातीने, बुजवा, सांध्याला तीन स्क्रू मारा. टोक आत बसवण्याचं कारण वेगळंच आहे. धूर निवला की पाइपाच्या आतून काळं, चिकट डांबर ओघळतं. सांधा बरोबर असेल तर ते आतल्या आत खाली येऊन जळतं. उलटा असेल तर भिंतीवर उतरतं. हेच डांबर साचून पेटलं तर पाइप लालबुंद होतो आणि छपराला आग लागते.

डांबर होतं ते ओल्या लाकडामुळे. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असू शकतं आणि जाळाची उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते. आगोटीला सरपण भरून ठेवायची आपल्याकडची रीत म्हणूनच पक्की आहे. फक्त प्लास्टिकखाली कोंडू नका, वारा लागू द्या.

पाइप कशाचा? पीव्हीसी अजिबात नको, तो ऐंशी अंशांच्या आसपासच नरम पडतो. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप चुलीच्या तोंडाशी नको. जस्त 420 अंशांना वितळतं आणि त्याची वाफ वाईट. तिथे काळा लोखंडी किंवा स्टीलचा पाइप घ्या. जुना ॲस्बेस्टॉसचा पाइप कापू नका, ती भुकटी फुप्फुसात जाते.

साधा एकेरी पाइप लाकडी वाशांपासून अठरा इंच लांब हवा. कौलारू छपरातून जाताना दुहेरी पाइप, म्हणजे पाइपात पाइप, आणि मध्ये रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर. छपरातून निघतो तिथून तो किमान तीन फूट वर असावा आणि दहा फुटांच्या आत आढं असेल तर आढ्याच्याही दोन फूट वर. टोकाला टोपी, छपराशी पत्र्याची झालर. आपल्याकडच्या पावसात दोन्हींशिवाय भागत नाही.

घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी मात्र हा विचार सोडावा. इमारतीच्या डक्टमध्ये सोडलेला धूर वरच्या मजल्यावरच्या घरात शिरतो.

स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असेल तर चूल पेटलेली असताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर फॅन पाइपातूनच धूर उलटा ओढतो. रात्री निखारे असताना पाइपातला दट्ट्या, म्हणजे धुराची वाट कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण लावू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो; त्याला ना वास, ना रंग, आणि झोपेतला माणूस उठतच नाही. पाइपाच्या तळाशी झाकणाचा टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड, बसवून घ्या, म्हणजे पावसाआधी आणि पावसानंतर तारेचा ब्रश फिरवता येईल.