दुनाचे दोन काठ, हातात एक दिवस

(पडद्यावर: पहाटेचा अंधार, जहाजाच्या नाकाडापुढे काळं पाणी. लांबवर एका पुलाचे दिवे.)

पहाटेचे साडेपाच. व्हिएन्नाहून काल दुपारी सुटलेलं आमचं जहाज रात्रभर प्रवाहाबरोबर खाली येत होतं. आता वरच्या डेकवर कुणालाच जाऊ देत नाहीत. खुर्च्या आडव्या केल्यात, छत्र्या आणि कठडे पाडलेत, कप्तानाची केबिनसुद्धा जागच्या जागी हळूहळू खाली बसते आहे. पुढे पूल आहेत, आणि नदीला पाणी चढलेलं असलं की पुलाचं पोट आणि जहाजाचं छत यांच्यात फार थोडी जागा उरते.

आम्ही पुढच्या काचेला नाक लावून उभे. एक पूल डोक्यावरून जातो. मग मार्गारेट बेट, मग दुसरा पूल. आणि उजाडता उजाडता डाव्या हाताला पाण्यातूनच वर आल्यासारखी हंगेरीची संसद दिसू लागते. उजवीकडे डोंगर, त्यावर राजवाडा. डावीकडचं सपाट ते पेश्त, उजवीकडचं डोंगराळ ते बुडा. बुडा, ओबुडा आणि पेश्त ही तीन वेगवेगळी गावं १८७३मध्ये एक झाली आणि बुडापेस्ट हे नाव पडलं.

नदीला आपण डॅन्यूब म्हणतो, इथले लोक दुना म्हणतात. जर्मनीतल्या काळ्या जंगलात उगम, काळ्या समुद्रात शेवट, मधे साधारण २,८५० किलोमीटर आणि दहा देश.

आमच्या हातात सकाळी आठ ते रात्री दहा एवढाच वेळ आहे. तेवढ्यात बुडापेस्ट सगळं पाहता येत नाही, म्हणून एकच ठरवलं आहे: नदीचा काठ सोडायचा नाही. हे दोन काठ एकमेकांना जोडायला या शहराने काय काय मोजलं, ते पाहायचं.

(पडद्यावर: धक्का. एकमेकांना बांधलेली दोन जहाजं.)

धक्क्याला आधीच एक जहाज लागलेलं आहे. आमचं जहाज त्याच्या कुशीला बांधलं जातं, आणि शहरात उतरायचं तर त्या परक्या जहाजाच्या दिवाणखान्यातून वाट. नदीवर ही रोजची रीत आहे.

दगडी घाटाच्या पायऱ्या चढून रस्त्यावर येतो. हा घाट एवढा उंच का, हे १८३८च्या मार्चने ठरवलं. नदीतलं बर्फ फुटून अडकलं, पाणी तुंबलं आणि सपाटीवरचं पेश्त बुडालं. कच्च्या विटांची घरं पाण्यात विरघळून बसली. दीडशेवर माणसं गेली. तेव्हाची पाण्याची रेघ दाखवणाऱ्या पाट्या जुन्या भिंतींवर अजून आहेत. उंच घाट त्यानंतरचे. २०१३च्या जूनमध्ये नदीने इथे ८९१ सेंटिमीटरची विक्रमी पातळी गाठली. काठावरचे रस्ते पाण्याखाली गेले, पण शहर तगलं.

(पडद्यावर: साखळी पूल, सकाळचं ऊन, दगडी सिंह.)

आणि हा सेचेन्यी साखळी पूल. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथे देणार आहोत.

१८२०च्या डिसेंबरात इश्तवान सेचेन्यी नावाचा एक तरुण उमराव, सैन्यातला अधिकारी, पेश्तच्या काठावर येऊन अडकला. वडील वारले होते, अंत्यविधीला पोचायचं होतं, आणि नदी ओलांडता येत नव्हती. त्या काळी इथे होड्यांवर फळ्या टाकून केलेला तरता पूल असे. थंडीत बर्फ वाहू लागलं की तो काढून ठेवत. मग नदी घट्ट गोठली तर चालत जा, नाहीतर काठावर बसून राहा. सेचेन्यी जवळजवळ आठवडाभर बसून राहिला. समोरचा काठ डोळ्यांना दिसत होता.

पुढे त्याने या पुलाचा ध्यास घेतला. त्यासाठी इंग्लंडला गेला, पैसा उभा केला, आणि पुलाहून अवघड असं एक काम करून घेतलं. हंगेरीतले उमराव तोवर कर भरत नसत, तो त्यांचा जन्मसिद्ध हक्क होता. १८३६च्या कायद्याने ठरवलं की या पुलावर टोल सगळ्यांना पडेल. शेतकऱ्याने नाणं मोजायचं, त्याच्या मागून आलेल्या सरदारानेही मोजायचं. मला हा पूल सुंदर वाटतो तो आधी या कायद्यामुळे, सिंहांमुळे नंतर.

आराखडा इंग्लंडच्या विल्यम टियर्नी क्लार्कचा. जागेवर उभं राहून बांधणारा स्कॉटलंडचा अॅडम क्लार्क. आडनाव एक, नातं काही नाही. साखळी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कड्या येतात. इथे मात्र लोखंडाच्या लांब पट्ट्या आहेत, टोकांना भोकं पाडून जाड खिळींनी एकमेकींत अडकवलेल्या. दोन दगडी खांबांमधलं अंतर २०२ मीटर.

१८ जुलै १८४८. शेवटची साखळी वर चढत होती. ओढणारी साखळी तुटली, मचाण कोसळलं आणि पाहायला जमलेल्या लोकांबरोबर सेचेन्यीही नदीत पडला. पोहत काठाला लागला. वाचला, पण ते वर्ष ऑस्ट्रियाच्या राजवटीविरुद्धच्या क्रांतीचं होतं. देश पेटलेला पाहून त्याचं मन खचलं. सप्टेंबरात त्याला व्हिएन्नाजवळच्या डोब्लिंगच्या मनोरुग्णालयात नेलं. पुढच्या वर्षी युद्धात पूल उडवून देण्याचा बेत झाला, तेव्हा अॅडम क्लार्कने साखळ्यांची टोकं जिथे अडकवली आहेत त्या तळघरांत पाणी भरलं आणि पंप मोडून टाकले. पूल बचावला. २० नोव्हेंबर १८४९ला तो लोकांसाठी खुला झाला.

सेचेन्यी परत आलाच नाही. १८६०मध्ये डोब्लिंगलाच त्याचा शेवट झाला. वाहतुकीला खुल्या झालेल्या या पुलावरून तो एकदाही चालला नाही.

(थांबा. पुलावरून चालणाऱ्या पावलांचा आवाज, दहा सेकंद. संगीत नको.)

३७५ मीटर. आम्हाला सहा मिनिटं लागली.

बुडाच्या टोकाला दगडात कोरलेलं मोठं शून्य आहे. देशातल्या रस्त्यांची अंतरं इथून मोजतात. वर चढायला केबलवर ओढली जाणारी १८७०ची छोटी गाडी आहे. रांग लांब असेल तर सरळ पायवाट धरावी, चढ सोसवण्यासारखा आहे. वर मात्यास चर्च. १५४१मध्ये तुर्कांनी बुडा घेतलं, तेव्हा याची मशीद झाली आणि जवळजवळ दीडशे वर्षं राहिली. शेजारचा कोळ्यांचा बुरूज मध्ययुगातला वाटतो, पण तो १९०२मध्ये पुरा झाला. त्याचे सात मनोरे म्हणजे मॅग्यार, म्हणजे हंगेरियन, लोकांच्या सात टोळीप्रमुखांची आठवण. इथून दिसतं ते समोरचं पेश्त, आणि मधे नदी.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ३० जानेवारी १९१३ला याच शहरात अमृता शेरगिल जन्मली. आई हंगेरियन गायिका, वडील पंजाबातले. हीच मुलगी पुढे आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतींपुढे उभी राहिली, आणि तिच्या चित्रांतले रंग आणि माणसं त्यानंतर वेगळी दिसू लागली.

(पडद्यावर: हिरवा लोखंडी पूल, ट्राम.)

ट्रामने बुडाच्या काठाकाठाने खाली येतो आणि नदी पुन्हा ओलांडतो, या वेळी १८९६च्या हिरव्या स्वातंत्र्य पुलावरून. हे सगळे पूल एका हिवाळ्यात गेले होते. १९४४-४५मध्ये शहराला वेढा पडला आणि माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नदीवरचे पूल उडवले. बुडा आणि पेश्त पुन्हा सेचेन्यीच्या काळात गेले. कायमच्या पुलांपैकी आधी दुरुस्त झाला तो हा हिरवा, ऑगस्ट १९४६मध्ये. साखळी पूल शंभराव्या वाढदिवशीच उघडला: २० नोव्हेंबर १९४९. एलिझाबेथ पूल जुन्या रूपात आलाच नाही. तिथला पांढरा, सडसडीत पूल १९६४चा आहे.

हिरव्या पुलाच्या पेश्तकडच्या टोकाला १८९७ची मोठी मंडई. आत शिरताच नाकाला ओळखीचा वास येतो. मिरची. लाल मिरच्यांच्या माळा, पुडीच्या पिशव्या, एकीवर गोड, एकीवर तिखट. अमेरिका खंडातून निघालेली ही एकच वनस्पती. पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरली आणि आपली झाली, तुर्कांच्या मुलखातून इकडे आली आणि यांची झाली. सुरुवातीला हंगेरीत तिचं नावच तुर्की मिरी होतं. चिमूटभर पूड जिभेवर ठेवून पाहिली. बेडगीच्या घराण्यातली: रंग भरपूर, जाळ कमी. १९३७चं नोबेल मिळवणाऱ्या अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हंगेरीतल्याच सेगेद शहरात क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं ते याच मिरचीतून.

(पडद्यावर: दोन नंबरची पिवळी ट्राम, खिडकीतून नदी.)

दोन नंबरची ट्राम काठाकाठाने संसदेकडे जाते. नदीच्या बाजूची खिडकी धरावी. संसदेबद्दल एवढंच: घुमट ९६ मीटर उंच, कारण मॅग्यार लोक या मैदानात ८९६मध्ये आले असं मानतात. वास्तुकार इम्रे श्टाइंडल १९०२मध्ये गेले, इमारत १९०४मध्ये पुरी झाली.

संसदेपासून जरा खाली, घाटाच्या अगदी कडेला, बूट आहेत.

(कॅमेरा जमिनीलगत. बोलणं सावकाश.)

लोखंडाचे साठ जोड. पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे. काही सरळ, काही कलंडलेले, टाच झिजलेले. १९४४-४५च्या त्याच हिवाळ्यात, हंगेरीतल्याच अॅरो क्रॉस या नाझीधार्जिण्या पक्षाची माणसं ज्यूंना इथे आणून उभं करत. बूट काढायला लावत, कारण बुटांना किंमत होती. मग गोळ्या घालत, आणि देह नदी घेऊन जाई. जान तोगाय यांची कल्पना, शिल्पकार ज्युला पाउएर यांचं काम, २००५मध्ये इथे बसवलेलं.

एका लहान जोडात कुणीतरी आज सकाळी रानफुलं ठेवली आहेत. नदीकडे तोंड करून उभं राहिलं की मागचे सगळे आवाज ऐकू येतात, ट्रामचे, मुलांचे. त्यांनाही येत असतील.

(पडद्यावर: संध्याकाळ. एकेक दिवा लागतो.)

अंधार पडतो तसा साखळी पूल उजळतो, मग राजवाडा, मग संसद. जहाज सुटतं आणि निघण्याआधी एक वळसा वरच्या अंगाला, मार्गारेट पुलापर्यंत घेतं. सगळे डेकवर, हातात कॅमेरे. पुलाच्या पेश्तकडच्या टोकाला एक स्मारक आहे. २९ मे २०१९च्या पावसाळी रात्री याच पुलाजवळ एका मोठ्या प्रवासी जहाजाची धडक बसून एक छोटी बोट क्षणात बुडाली. तिचं नाव हॉब्लेआन्य, म्हणजे जलपरी. दक्षिण कोरियाचे तेहतीस प्रवासी आणि दोन खलाशी. सात जण वाचले. एकाचा देह अजून मिळालेला नाही. तीही माणसं हे दिवेच पाहायला आली होती.

मी कॅमेरा खाली ठेवला. चित्रीकरणात इथे काही सेकंद फक्त पाणी आहे. ते तसंच राहू दिलं आहे.

जहाज वळतं. साखळी पूल पुन्हा डोक्यावरून जातो, त्याच्या पट्ट्या आणि खिळी आता हाताच्या अंतरावर वाटतात. मग पांढरा पूल, मग हिरवा. काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत. काही नद्या उगमाकडून मोजतात, दुना मुखापासून मोजतात. काळ्या समुद्राकाठच्या सुलिनाला शून्य. दिव्यांच्या उजेडात १,६४६ची पाटी गेली, आता १,६४५. कप्तानाने केबिन परत खाली घ्यायला सांगितलं आहे. पुढे अजून पूल आहेत.