प्राणहितेवरची आगबोट

नागपूरकर नाग नदी पुलावरून बघतो आणि नाकाला रुमाल लावून पुढे जातो. पण या पाण्याचा माग काढा. ते कन्हानला मिळतं, आंभोऱ्याला वैनगंगेत शिरतं. चपराळ्यापाशी वर्धा येऊन मिळते आणि पुढे नदीचं नाव होतं प्राणहिता. लांबी जेमतेम 113 किलोमीटर. सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते, आणि गोदावरी समुद्रात.

याच वाटेनं नागपूरला समुद्राशी जोडायचं ठरलं होतं. आगबोटीनं!

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. इकडे हिंगणघाटचा बनी कापूस नावाजलेला. पण तो बाहेर न्यायचा कसा? पूर्वी वऱ्हाडचा कापूस वणजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेत पावसानं गाठलं, की माल गेलाच. गोदावरीवर धवळेश्वरमचं धरण बांधणाऱ्या इंग्रज इंजिनियर आर्थर कॉटनचं म्हणणं होतं, नदी हाच रस्ता करा. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही 1863 मध्ये या जलमार्गावर अहवाल लिहिला. वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी काकीनाड्याचा किनारा, असा बेत होता.

आडवे आले खडक. गोदावरीवर दुमागुडेम आणि इंचमपल्ली, प्राणहितेवर आपल्या अहेरीकडचं देवलमरी, असे तीन अडसर. पुरात हे खडक पाण्याखाली जातात आणि पाणी नुसतं उसळत असतं. उन्हाळ्यात तेच काळे दगड पात्रभर उघडे पडतात, मधून ओढ्यासारखी धार. तिथं बोट चालणार कशी? म्हणून बांध, बाजूनं कालवा, कालव्याला दारं, अशी कामं निघाली. दुमागुडेमला ती बरीच झाली. खालच्या अंगाला आगबोटी फिरूही लागल्या.

मला मात्र खरी अडचण दगडांची वाटत नाही, हंगामाची वाटते. कापूस वेचायला दसरा-दिवाळी उजाडते. सरकी काढून गाठी बांधेस्तोवर माघ लागतो. आणि नदी नेमकी तेव्हाच उतरायला लागते. ही गोष्ट इथल्या कुठल्याही ढिवरानं, म्हणजे मासेमाऱ्यानं, डोंग्यात बसल्या बसल्या सांगितली असती.

1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात आली. रुळांना पाऊस-उन्हाळा सारखाच. कापसाच्या बंड्या स्टेशनाकडे वळल्या, आणि 1871 मध्ये वरच्या गोदावरीवरचं जलमार्गाचं काम थांबलं.

देवलमरीच्या त्या खडकांवरून आजही पाणी वाहतं. नाग नदीचंही त्यात असतं.