अण्णांच्या धोतरावरचं शेवाळ

मंडळी, विषय आहे कृष्णधवल छायाचित्रांसाठी मोठा इंकजेट प्रिंटर कसा निवडायचा. पण आधी हे दोन प्रिंट पुढच्या रांगेतून मागच्या रांगेकडे फिरवा. कडेला धरा, बोटं लावू नका.

दोन्हींत माझे आजोबा, अण्णा, आळंदीच्या घाटावर इंद्रायणीत पाय सोडून बसलेत. त्यातला एक प्रिंट 2004 सालचा. लॅबमध्ये बघितला तेव्हा झकास होता. घरी आणून ट्यूबखाली धरला, तर आई म्हणाली, "अण्णांच्या धोतराला शेवाळ लागलंय का रे?" खरंच हिरवट दिसत होतं! सकाळी खिडकीत नेला, तर तेच धोतर गुलाबी. लॅबवाल्याकडे गेलो. त्याने त्याच्या पिवळ्या दिव्याखाली धरून म्हटलं, "साहेब, कुठंय हिरवं?" त्याचंही बरोबर होतं, तिथे नव्हतंच. तीन वेळा पैसे मोजले, अण्णांचं धोतर काही पांढरं झालं नाही. त्या वर्षी अण्णा गेले, म्हणून ते मनाला जास्त लागलं.

याला मेटामेरिझम म्हणतात. करडा रंग सायन (आकाशी), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळी शाई मिसळून केला, की दिवा बदलला तसा त्यांचा तोल बिघडतो. काळ्याच शाईच्या फिकट छटांनी केला तर फार कमी बिघडतो. 2005 मध्ये एप्सनने के-थ्री शाई आणली: एक गडद काळी, दोन फिकट. माझ्यासाठी तो दिवस सणाचा होता. पुढच्याच वर्षी एचपीचा झेड 3100 आला. बारा शाया, त्यातल्या चार काळ्या-करड्या. हातातला दुसरा प्रिंट के-थ्रीवरचा आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगतो. एकूण शाया किती हे विचारू नका, करड्या किती ते विचारा. एप्सन पी 900 मध्ये दहातल्या दोन करड्या आहेत, कॅननच्या प्रो-1000 मध्येही दोन. दोघांतही मॅट म्हणजे बिनचमकीच्या आणि ग्लॉसी म्हणजे चकचकीत कागदाच्या काळ्या शायांची वाट वेगळी आहे. जुन्या पी 800 मध्ये त्या एकाच वाटेने जायच्या, त्यामुळे कागद बदलला की शाई वाया. सुती मॅट कागदावर काळा जरा मऊ पडतो, बरायटावर, म्हणजे बेरियमचा लेप असलेल्या जरा चमकदार कागदावर, खोल उतरतो. दोन्ही वापरणार असाल तर वेगळ्या काळ्या शायांचा मुद्दा सोडू नका. 17 इंच रुंदीच्या यंत्रावर ए-टू आकाराचा प्रिंट निघतो, बहुतेकांना तेवढा पुरतो. 44 इंची घेण्याआधी घरातली भिंत मोजा. आणि प्रिंटर वापराविना पडून ठेवू नका, शाई फवारणारं हेड चोंदतं. आठवड्याला एक तरी प्रिंट काढाच.

घेण्याआधी दुकानात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी छापून मागा. ट्यूबखाली बघा, दारात उन्हात बघा, पिवळ्या बल्बखाली बघा.

प्रिंट शेवटच्या रांगेत पोचले ना? मग कुणीतरी मागची ट्यूब बंद करा आणि खिडकी उघडा.