चिठ्ठीवरचा लॉट नंबर

श्रोतेहो, नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते. आज आपल्या सोलापुरातल्या कारखानदारांशी, आणि घरबसल्या मोबाइलवरून टॉवेल-चादरी परदेशात विकायला लागलेल्या तरुण मुलामुलींशी थोडं बोलायचं आहे. विषय आहे तिकडच्या देशांतले ग्राहक-सुरक्षेचे नियम. ऐकायला जड वाटतं, पण माझ्यासाठी हा विषय रंगाईखान्यातल्या एका चिठ्ठीपासून सुरू झाला.

काही वर्षांपूर्वी जर्मनीला निघालेल्या मालातला मरून रंगाचा एक टॉवेल तपासणीत नापास झाला. खरेदीदाराचा मेल आला: हा टॉवेल कुठल्या लॉटचा, आणि त्या लॉटचे नग किती? एका वेळी एकत्र रंगवलेल्या सुताला आम्ही लॉट म्हणतो. मी रजिस्टर उघडलं. मरून सूत दोन ठिकाणी रंगवून घेतलं होतं. लडीला बांधलेल्या चिठ्ठ्या भिजून शाई पसरली होती आणि रजिस्टरात तारखेसमोर नुसतं ‘मरून’ लिहिलेलं. दोष एकाच लॉटचा होता. पण तो कुठला, हे सांगता येईना, म्हणून त्या ऑर्डरचा सगळा मरून माल गोदामात अडकला. ज्यांनी तो रात्रपाळी करून विणला, त्यांना काय सांगायचं हे मला कळत नव्हतं.

नापास का झाला, तेही सांगते. अॅझो हा कापडाला वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांचा एक प्रकार. त्यातले काही रंग अंगाला लागून राहिले की तुटतात आणि त्यातून अॅरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं सुटतात. त्यातल्या काहींमुळे कर्करोग होऊ शकतो. युरोपीय संघाने अशी 22 अमाइन ठरवून दिली आहेत आणि त्वचेला लागणाऱ्या कापडात त्यांतल्या प्रत्येकाची मर्यादा किलोमागे 30 मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्याकडेही 1997 मध्ये केंद्र सरकारने अशा अॅझो रंगांवर बंदी घातली. तरी अशा रंगाची स्वस्तातली पुडी अधूनमधून कुणाच्या तरी हाती येतेच. आणि एक लक्षात घ्या, टॉवेल वापरणाऱ्या जर्मन बाईच्या आधी तो रंग आपल्या रंगाऱ्याच्या हाताला लागतो, त्याच्या नाकात जातो. तिकडचा नियम पाळला की आपला माणूसही वाचतो, हे मी अगदी मनापासून सांगते.

आता युरोपीय संघात वस्तूंच्या सुरक्षेचा नवा कायदा आला आहे. 13 डिसेंबर 2024 पासून तो लागू झाला. ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्याच वस्तूंना, म्हणजे आपल्या टॉवेल-चादरींनाही, तो लागतो. वस्तूवर लॉट किंवा बॅच नंबर हवा, उत्पादकाचं नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेल किंवा वेबसाइट हवी. शिवाय युरोपीय संघात राहणारी किंवा तिथे कार्यालय असलेली एक जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी हवी, आणि तिचाही पत्ता हवा. माल तिथल्या आयातदारामार्फत जात असेल तर ही जबाबदारी साधारणपणे तो घेतो. पण ऑनलाइन विकणाऱ्या पोरांनो, तुम्ही थेट ग्राहकाच्या घरी पार्सल पाठवता तेव्हा मध्ये आयातदार नसतो. मग असा प्रतिनिधी तुम्हालाच नेमावा लागतो, आणि विक्रीच्या पानावरही त्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो. नसेल तर विक्रीचं संकेतस्थळ तुमची जाहिरात उतरवू शकतं. वस्तूतल्या धोक्यांचा विचार करून केलेली तांत्रिक फाइल 10 वर्षं जपून ठेवायची, हेही त्यात आलं.

अमेरिकेचा हिशोब वेगळा आहे. तिथे 12 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंवर कडक नजर असते. आपल्याकडे गणवेश शिवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी सांगते: साध्या कापडाची शिशासाठी तपासणी सहसा लागत नाही, पण बटण, चेन, हूक यांची लागते. त्यात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 100 भागांच्या वर नको.

लहान मुलांच्या टोपीवाल्या झग्याची एक गोष्ट मला फार लागली होती. आमच्याकडे नमुना तयार झाला तेव्हा टोपीला छान पांढरी दोरी ओवली होती. खरेदीदाराने ती काढायला लावली. युरोपीय मानकानुसार 7 वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यात टोपी आणि गळ्याजवळ दोरी चालत नाही. घसरगुंडीच्या फटीत किंवा बसच्या दारात ती अडकली की मुलाच्या गळ्याला फास बसतो, असे अपघात खरंच झाले आहेत. शिलाईवाल्या मावशींनी ती दोरी हातात धरून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या नातवाच्या स्वेटरलाही आहे की हो.’’ घरी जाऊन त्यांनी ती कापून टाकली.

चिठ्ठीचं आम्ही काय केलं, ते सांगून थांबते. आता लडीला बांधायची चिठ्ठी प्लास्टिकची असते, नंबर मार्करने लिहिलेला. तो नंबर रंगाईतून ताण्याच्या बीमवर, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळावर जातो, तिथून मागावरच्या पाटीवर, मग शिलाईत, आणि शेवटी टॉवेलच्या लेबलवर छापला जातो. रजिस्टरात नंबराशेजारी त्या लॉटच्या सुताचा बोटभर तुकडा स्टेपल केलेला असतो आणि रंगाच्या बिलाची झेरॉक्स मागे लावलेली. परवा परीक्षा म्हणून मी पॅकिंगमधला एक टॉवेल उचलला, लेबलवरचा नंबर वाचला आणि रजिस्टर उलटत गेले. चहा गार व्हायच्या आत रंगाची पुडी कुठल्या दुकानातून आली होती, तिथपर्यंत पोचले.

नमस्कार.